गळ्यातली डबी

शंका आली तर बटण दाबा, असं तुम्ही शिकवलंत. तुम्हीच. पडद्यावर चित्रं दाखवून, कागदी पेल्यात पाणचट कॉफी पाजून. माझा नवरा एल्दार त्या वर्गात पहिल्या रांगेत बसला होता, आणि घरी आल्यावर त्याने ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शंका आली तर थांबा, मालकाला विचारा, निदान एक श्वास घ्या, असं म्हणायचं तुमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कारण चूक झाली तर ती तुमच्या गळ्यात येणार नव्हती. ती कुत्र्याच्या गळ्यात जाणार होती.

आधी एक सांगून ठेवते, म्हणजे मी शहरातली कुणी हळवी बाई आहे असं समजून तुम्ही हे बाजूला सारणार नाही. मेंढ्या आमच्याच आहेत. दोन उन्हाळ्यांपूर्वी कुणा पाहुण्याचा सेटर जातीचा शिकारी कुत्रा मोकाट सुटला आणि त्याने आमच्या मेंढ्या कड्यावरून खाली घातल्या. मी स्वतः खाली उतरले होते. पाय मोडलेल्या मेंढ्यांची डोकी मी धरली आणि एल्दारने एकेकीला गोळी घातली. त्यानंतर तो कुत्र्यांची चाचणी घ्यायला शिकायला तुमच्या संस्थेकडे आला. पक्ष्यांच्या शिकारीला डोंगरावर न्यायचं प्रत्येक कुत्रं आधी मेंढ्यांना घाबरलं पाहिजे, हे मला पटतं. गळ्यात विजेची डबी, माणसाच्या हातात बटण. कुत्रं मेंढीवर झेपावायला निघालं की झटका. एक-दोनदा बसला की ते मेंढी दिसताच वाट बदलतं. क्रूर आहे, पण कड्याखालचा तो ढीग जास्त क्रूर होता. त्यामुळे मला ते शिकवू नका.

मी सांगतेय ते ब्रिस्काचं.

ब्रिस्का ही ओस्मुन्‌ची कुत्री. काळी गॉर्डन सेटर, डोळ्यांवर तांबडे ठिपके, वर्षाचीसुद्धा नाही. ओस्मुन् आमच्या खालच्या वळणावर राहतो, शाळेची बस चालवतो. बायको गेल्यापासून त्याच्या घरातला रेडिओ दिवसभर चालू असायचा. ब्रिस्का आली आणि रेडिओ बंद झाला. मग आम्हाला त्याचाच आवाज ऐकू यायला लागला. परसात काठीला दोरी, दोरीला रिपे या डोंगरी पक्ष्याचा पंख बांधून तो उभा. पिल्लू पंखावर झडप घालायचं, हा पंख उडवून न्यायचा. पुन्हा झडप, पुन्हा उडवला. शेवटी पिल्लाला कळायचं की धावून काही हाती लागत नाही, आणि ते थिजून उभं राहायचं, एक पाय वर, नाक पुढे. मग ओस्मुन् हळूच म्हणायचा, "शाबास माझी बाय. तशीच. तश्शीच."

एल्दार कुंपणावरून चिडवायचा. "अरे, बायकोशी कधी इतकं गोड बोललास का?"

"ती कधी अशी गप्प उभी राहायची का?" ओस्मुन् म्हणायचा.

मार्चमध्ये बर्फावर त्याने तिला पहिल्यांदा खऱ्या पक्ष्यावर नेलं. परत आला तो थेट आमच्या पायरीवर येऊन बसला. स्की पायातच.

"उभी राहिली," तो म्हणाला.

"कोण?" मी मुद्दाम विचारलं.

"गुन्वोर, थट्टा करू नकोस. मी काही शिकवलेलं नाही हे. पंखाचा खेळ म्हणजे नुसतं अक्षर गिरवणं. तिथे बर्च झाडाखाली बर्फात रिपे बसलेली, मला दिसतही नव्हती, पांढऱ्यावर पांढरी. ही वाऱ्यात वळली आणि दगड झाली. शेपूट असं, तारेसारखं ताठ, आणि टोक थरथरतंय. मी तिच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसलो. तिचं काळीज माझ्या हाताखाली नुसतं धडधडत होतं."

"मग?"

"मग काय. पक्षी उडाला. ती बसली. मी रडलो. ओत आता कॉफी."

हे शेपूट लक्षात घ्या. मेंढीमागे लागणारं कुत्रं आणि शिकाऱ्याला पक्षी दाखवायला त्याच्यावर ठाण धरणारं कुत्रं, दोन्ही लांबून सारखीच दिसतात. दोन्ही थिजतात, दोन्ही मान पुढे काढतात. पण पाठलागाच्या आधी शेपूट खाली जातं आणि मागचे पाय दुमडतात. ठाण धरताना शेपूट मागे सरळ रेषेत उभं राहतं. आमच्या दरीत पोरंसोरंसुद्धा हे सांगतील. एल्दारला ते ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं.

जुलैमध्ये ब्रिस्काची चाचणी आमच्या वरच्या कुरणात झाली. बाकीचा कळप डोंगरावर गेलेला, चाचणीसाठी थोड्या मेंढ्या आम्ही खाली ठेवतो. तुमच्या नियमाप्रमाणे मालकाने दिसायचं नाही, म्हणजे कुत्र्याला वाटू नये की झटका मालकाने दिला. ओस्मुन् कोठाराच्या मागे जाऊन उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी फाटकापाशी होते. एल्दार दगडी बांधाच्या आड, हातात बटण.

ब्रिस्का कुरणात शिरली. मेंढ्यांकडे तिने एकदा बघितलं आणि सोडून दिलं. खरं सांगते, सोडून दिलं. मग वारा फिरला. कुरणाच्या कडेला खुरट्या बर्चची झुडपं आहेत, त्यांच्या पुढ्यात एक म्हातारी मेंढी रवंथ करत बसली होती. ब्रिस्का तिच्याकडे वळली, सावकाश दोन पावलं टाकली आणि थिजली. मेंढी अगदी समोर. एक पाय वर. शेपूट मागे, सरळ, ताठ.

मी फाटकावरून पाहिलं आणि माझ्या मनात आलं, पक्षी आहे. झुडपात पक्षी आहे. ओरडायला तोंड उघडलं. पण चाचणी चालू असताना कुणी आवाज करायचा नाही, हाही तुमचाच नियम. मी तोंड मिटलं. आणि एल्दारने दाबलं.

ब्रिस्का अशी किंचाळली की कोठारामागून ओस्मुन्‌चं "अरे देवा" मला फाटकापर्यंत ऐकू आलं. त्याच क्षणी मेंढीच्या पाठीमागून रिपेची मादी उडाली, पिल्लं गवतात चहूकडे पांगली. ब्रिस्का यातून काय शिकली असेल? नाकात पक्ष्याचा वास, डोळ्यांसमोर उडणारा पक्षी आणि गळ्यात आग. म्हातारी मेंढी तर उठलीसुद्धा नाही.

ब्रिस्का पळाली, मेंढ्यांपासून लांब पळाली. म्हणजे पास.

नंतर स्वयंपाकघरात वाफल, तपकिरी चीज, कॉफी. ओस्मुन् खुशीत. "एकाच झटक्यात शिकली. हुशार आहे, काय? माझ्यासारखी नाही, मला बस मागे घ्यायला शिकायला वर्ष लागलं." ब्रिस्का टेबलाखाली, त्याच्या बुटांवर हनुवटी ठेवून. एल्दारच्या ताटलीतला वाफल तसाच गार झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यानेही शेपूट पाहिलं होतं.

ओस्मुन् गेल्यावर त्याने तुम्हाला फोन केला. मी शेजारी उभी होते, तुमच्या माणसाचा आवाज मला ऐकू येत होता. जेवणाच्या सुट्टीत गाठल्यासारखा आवाज.

"कुत्री मेंढ्यांपासून दूर गेली ना?"

"गेली. पण ती पक्ष्यावर उभी होती."

"तुम्हाला खात्री आहे?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे शंका. शंका असेल तर दाबायचं, तुम्ही दाबलंत. नियमात बसतं. पास लिहा. आणि मालकाच्या डोक्यात नसतं काही भरवू नका, हं? असं एकाने बोलायला सुरुवात केली की उद्या कुणीच कुत्री आणणार नाही. त्या दरीत चाचणी घेणारे तुम्ही एकटेच आहात, तुमची मान्यता तपासायची वेळ आमच्यावर आणू नका."

एल्दारने फोन ठेवला. "मी खाली जाऊन त्याला सांगतो," तो म्हणाला.

आणि मी म्हणाले, "गप्प बस. कोवळं कुत्रं आहे, विसरेल."

हे मी म्हणाले. तुमच्या माणसाने नाही. तुमच्यावर ओरडते आहे म्हणून माझा वाटा कमी होत नाही. मला त्या संध्याकाळी भांडण नको होतं, दरीत बोभाटा नको होता, शेजारी गमवायचा नव्हता. एल्दार बूट घालून दारापर्यंत गेला होता. माझ्या एका वाक्यावर त्याने ते बूट काढले.

ऑगस्टच्या शेवटी कुत्री मोकळी सोडायची परवानगी मिळाली आणि ओस्मुन् तिला घेऊन डोंगरावर गेला. दुसऱ्याच संध्याकाळी तो आमच्या दारात. चेहरा पिठासारखा.

"एल्दार, जरा बाहेर ये. तू कुत्र्यांतला माणूस आहेस. मला सांग मी काय केलं."

"काय झालं?"

"ती पक्षी टाकते. वास लागतो, डोकं वर जातं, मला वाटतं आता उभी राहणार. आणि मग कुणी भिंत घातल्यासारखी थांबते, ओठ चाटते, वळून माझ्या पायामागे येऊन बसते. मी पुढे जातो तर थवा माझ्या बुटाखालून उडतो. तिला माहीत होतं ते तिथे आहेत. माहीत असून सोडून आली."

एल्दार दार उघडं टाकून अंगणात उतरला.

"माझंच पाप आहे," ओस्मुन् म्हणाला. "बंदुकीचा आवाज. लांबून सुरुवात करायची असते, खाताना, हळूहळू जवळ. मी तसंच करत होतो. मग एक दिवस घाई केली. म्हटलं इतकी धीट आहे, काय होतंय. तिच्या डोक्यावरच पिस्तूल उडवलं. खेळण्यातलंच, नुसत्या आवाजाचं. ती दचकली. मला वाटलं विसरली."

विसरली. माझाच शब्द त्याच्या तोंडून आला. मी टेबल पुसायला घेतलं, पुसलेलंच टेबल.

"आता आवाजाला घाबरते का?" एल्दारने विचारलं.

"तेच तर. खडीच्या खाणीत नेऊन उडवलं तर शेपूट हलवते. मला बरं वाटावं म्हणून करते बहुतेक. त्या खाणीत मला खूश करते आणि डोंगरावर तिचा धीर सुटतो."

हे ऐकून एल्दारने सांगायला हवं होतं की अरे बाबा, ती खूश करत नाही, तिला आवाजाचं भयच नाही. त्याने सांगितलं ते असं: "थोडे दिवस विश्रांती दे. बंदूक लांब ठेव."

"देतो," ओस्मुन् म्हणाला. त्याने आभार मानले. आमचे आभार मानले त्याने. मग अंगणात वाकून ब्रिस्काच्या गळ्यात पट्टा अडकवला. डोंगरावर कुत्रं हरवू नये म्हणून जो जागा दाखवणारा पट्टा सगळेच वापरतात, तो. त्यालाही हनुवटीखाली एक डबी असते. तेवढ्याच वजनाची, तशीच गार. ब्रिस्काने मान खाली घातली आणि डोळे मिटले. एल्दारने ते पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. डबी गळ्यात असेल तोवर ती पक्ष्यावर कधीच उभी राहणार नव्हती, आणि ओस्मुन् रोज सकाळी स्वतःच्या हाताने ती बांधणार होता.

आमच्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं ते तुम्हाला कशाला सांगू. एल्दार गोठ्यात जेवायला लागला. मी भांडी जोरात आपटायला लागले. एकदा मी म्हणाले, "जा आणि सांग." तो म्हणाला, "तूच म्हणालीस गप्प बस." मी म्हणाले, "बटण मी दाबलं का?"  खालच्या वळणावरून ओस्मुन्‌ची शिट्टी यायची आणि आम्ही खिडकी लावून घ्यायचो.

शिकार सुरू व्हायच्या आठवड्यात त्याची गाडी आमच्या अंगणात थांबली. मागच्या सीटवर ब्रिस्काची घोंगडी, तिची वाटी, आणि वर ती स्वतः, सहलीला निघाल्यासारखी. ओस्मुन् आत आला. खिशातून ते आवाजाचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं.

"हे तू ठेव एल्दार. माझ्या घरात नको."

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"द्राम्मेनला, शहरात, रांदीकडे." रांदी त्याची मुलगी. "चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे. पोरं आहेत, फिरवतील हिला डांबरावर. तिथे पक्षी म्हणजे कबुतरं, त्यांच्यावर उभं राहिलं काय, नाही काय."

"सेटर चौथ्या मजल्यावर?"

"मग काय करू गुन्वोर? रोज डोंगरावर नेतो आणि रोज ती माझ्या पायामागे बसून माझी माफी मागते. काल मी तिला ओढत नेलं. पट्टा धरून, फरफटत, पक्ष्यापर्यंत. ती मुतली. मी, ज्याने जन्मात तिच्यावर आवाज चढवला नाही. मी कुत्रं ठेवायच्या लायकीचा नाही, एवढंच आहे ते. रांदीला दिलं की मी तिला आणखी बिघडवणार नाही."

एल्दार चुलीपाशी उभा होता. त्याने चुलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.   मग मीच म्हणाले.

"ओस्मुन्, त्या दिवशी कुरणात पक्षी होता."

"कुठल्या दिवशी?"

"चाचणीच्या. ती मेंढीवर जात नव्हती. मेंढीच्या मागे रिपे बसली होती. मी उडताना पाहिली."

 तो सावकाश एल्दारकडे वळला. आवाज चढवला नाही. बसमधल्या पोराला विचारावं तसं विचारलं.

"शेपूट पाहिलं होतंस?"

"पाहिलं."

"दाबायच्या आधी?"

"आधी."

"ताठ होतं?"

"ताठ होतं, ओस्मुन्."

"मग का दाबलंस?"

एल्दार म्हणाला, "कड्याखालच्या मेंढ्या डोळ्यांपुढे आल्या. आणि शंका आली तर दाबायचं, असं शिकवलंय." तोंडातून बाहेर पडल्यावर ते वाक्य किती पोचट वाटलं, हे तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही कळलं असतं.

"शंका," ओस्मुन् म्हणाला. "मी इतके दिवस त्या पोरीला बंदुकीच्या भीतीवर औषध देतोय. तिला ओढत नेलं मी. तू त्या अंगणात उभं राहून मला विश्रांती द्यायला सांगितलंस."

"हो."

"मी तुझे आभार मानले."

"हो."

"डबी काढ तिच्या गळ्यातली," एल्दार एकदम म्हणाला. "जागा दाखवणारी. तिला वाटतं तीच आहे. मोकळ्या गळ्याने ने, मेंढ्या नसतील तिथे, बंदूक नको, काही शिकवू नकोस, नुसता वाऱ्यात फिर. येईल परत. कदाचित येईल. मी येतो तुझ्याबरोबर, पहिल्या दिवसापासून—"

"तू नको."

बस, तेवढंच. त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि बाहेर गेला. गाडीचं मागचं दार उघडलं, ब्रिस्काच्या मानेवरचा पट्टा सोडला आणि आमच्या पायरीवर ठेवला. हळूच ठेवला. फेकला असता तर बरं झालं असतं. गाडी वळली, पण द्राम्मेनच्या रस्त्याला नाही, घराच्या बाजूला. पिस्तूल आमच्या टेबलावरच राहिलं.

शिकारीच्या पहिल्या दिवशी सगळी दरी बंदुका घेऊन डोंगरावर. ओस्मुन् बंदुकीशिवाय गेला. आम्ही मेंढ्या खाली आणायला निघालो होतो, मी वरच्या वाटेवरून दुर्बिणीतून पाहिलं. ब्रिस्का मोकळ्या गळ्याने त्याच्यापुढे. एका टेकाडापाशी तिला वास लागला. थांबली. मला वाटलं वळणार. ती वळली नाही, पण उभीही राहिली नाही. मान अर्धी इकडे, अर्धी तिकडे, शेपूट पायांत, सगळं अंग लटपटतंय. ओस्मुन् तिच्याजवळ गेला नाही. होता तिथेच जमिनीवर झोपला, तोंड दुसरीकडे करून, ती काय करते ते न बघता. खूप वेळ दोघं तसेच. मग पक्षी आपणहून उडाले आणि ती त्याच्याकडे धावत गेली.

ती बरी होईल की नाही, मला माहीत नाही. कुणालाच नाही. ओस्मुन्‌ची बस रोज आमच्या फाटकावरून जाते, पूर्वी तो हात वर करायचा. आता दोन्ही हात चाकावर असतात.

एल्दारने तुम्हाला सगळं कळवलं. शेपटापासून फोनपर्यंत सगळं, स्वतःचं नाव घालून. माझं वाक्यसुद्धा मी त्याला लिहायला लावलं. त्यावर तुमचं जे उत्तर आलं ते माझ्यासमोर आहे. त्यात ब्रिस्काचं नाव नाही. निकाल योग्य आहे, नियमात बदल नाही, आणि मेंढ्या खाली आल्या असल्यामुळे येत्या शनिवारी आमच्या कुरणात पुढची चाचणी. कुत्र्यांची नावं जोडली आहेत. त्यातली निम्मी वर्षाच्या आतली आहेत. सोबत नवा पट्टा पाठवलात, डबी आणखी लहान, झटका आणखी नेमका, असं वेष्टणावर लिहिलंय.

एल्दार तो हातात घेणार नाही. मीही नाही. पण मालक कुत्री घेऊन येतील, कारण तुमच्या कागदाशिवाय त्यांना डोंगर बंद आहे. ते नियमाप्रमाणे कोठारामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहतील आणि आत जे होईल त्यावर विश्वास ठेवतील. ती झुडपं अजून तिथेच आहेत आणि पक्षी कुठे बसायचं ते तुम्हाला विचारून ठरवत नाहीत.

तेव्हा फोनवरच्या त्या माणसाला विचारा, सगळ्यांत वर बसलेल्याला विचारा, आणि शनिवारच्या आत मला सांगा: कोवळं कुत्रं मेंढीसमोर थिजेल, शेपूट ताठ असेल आणि तुम्हाला शंका येईल, तेव्हा बटणावर बोट तुमच्यापैकी कुणाचं असणार आहे? मला नाव हवंय. आणि कुत्रं किंचाळल्यावर कोठारामागे जाऊन त्याच्या मालकाला खरं काय झालं ते तो माणूस त्याच दिवशी सांगणार आहे की नाही?